परवडत नाही, म्हणजे कोणाला?

काही वाक्ये समाजात इतकी रूढ होऊन बसतात की उच्चारणाऱ्यास त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची गरज भासत नाही आणि ऐकणाराही मान डोलावून मोकळा होतो. ‘हल्ली चौरस आहार परवडत नाही’ हे अशांपैकीच एक. हळदीकुंकवाच्या बैठकीत ते ऐकू येते, ज्येष्ठांच्या सकाळच्या फेरफटक्यात ऐकू येते, आरोग्यविषयक व्याख्यानानंतरच्या चहापानात तर हटकून ऐकू येते. डॉक्टर म्हणतात प्रथिने वाढवा, भाजीपाला वाढवा. आपण म्हणतो, सांगणे सोपे आहे, निवृत्तिवेतनात बसवून दाखवा. मग कोणी तरी दुधाचा भाव सांगतो, कोणी बदामाचा, आणि विषय बशीतील शेवेबरोबर संपतो.

या वाक्याशी आमचे भांडण आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हे वाक्य जेव्हा आपल्या तोंडी येते, म्हणजे होळकरशाहीच्या काळापासून या मुलखात स्थिरावलेल्या, डोक्यावर छप्पर आणि दरमहा ठराविक मिळकत असलेल्या मराठी घरांच्या तोंडी येते, तेव्हा ते बहुतांशी असत्य असते. आणि तेच वाक्य इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरील सिमरोलच्या शिवारात सोयाबीन निंदणाऱ्या मजूर बाईच्या तोंडी येते, तेव्हा ते सत्य असते. आपण मात्र तिचे सत्य उसने घेऊन आपल्या असत्यावर पांघरतो. आणि उलट, आपल्याला लागू असलेला उपदेश तिला ऐकवतो. ही दुहेरी गल्लत आहे. ती नुसती विचारांची नाही. तिची किंमत कोणी ना कोणी आपल्या शरीराने मोजतो आहे.

आधी आपल्या घराचे पाहू.

इंदुरातून खंडवा रस्त्याला लागावे. विद्यापीठाचा परिसर मागे पडतो. याच रस्त्यावर सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, १९८७ साली स्थापन झालेली. पुढे तेजाजीनगर ओलांडले की घरे विरळ होत जातात आणि भेरूघाटाची उतरण लागण्यापूर्वी सिमरोल येते. २००९ साली स्थापन झालेल्या आयआयटीचा सुमारे ५०० एकरांचा परिसर आज तेथे उभा आहे. त्यामुळे गावाचे नाव देशभर झाले, जमिनीचे भाव चढले, शेतांच्या जागी आखलेल्या भूखंडांच्या पाट्या लागल्या. तरीही पावसाळ्यात त्या बाजूला गेल्यास उरलेल्या शेतांत जे हिरवे दिसते ते मुख्यतः सोयाबीनच असते. १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत या पिकाने माळवा व्यापला. प्रथम पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या रानांत ते शिरले आणि मग ज्वारी, मूग, उडीद, भुईमूग यांना सरकवीत सर्व खरीपच त्याने ताब्यात घेतले.

हे सोयाबीन जाते कोठे? गाळप कारखान्यात. दाण्यात सुमारे १८ टक्के तेल असते, ते काढून घेतात. उरलेली पेंड, जिच्यात खरे पोषण असते, ती बव्हंशी कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. काही परदेशी जाते. भारतातील सर्वांत स्वस्त प्रथिन ज्या मातीत पिकते, त्या मातीवर दोन-अडीचशे वर्षे राहणारी आपण माणसे प्रथिने महाग झाली म्हणून हळहळतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर हिशेब मांडू. सरकारने जाहीर केलेले किमान आधारभाव हे सर्वांना पाहता येणारे आकडे आहेत. २०२४-२५ च्या खरिपासाठी सोयाबीनचा आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. दाण्यात निदान ३६ टक्के प्रथिने धरली तर एका रुपयात सात ग्रॅमांहून अधिक प्रथिने पडतात. २०२५-२६ च्या रब्बी हंगामासाठी गव्हाचा भाव २,४२५ रुपये होता. रुपयाला सुमारे साडेचार ग्रॅम. हरभरा ५,६५० रुपये. रुपयाला तीन ग्रॅमांहून थोडी अधिक. मूग ८,६८२ रुपये; रुपयाला अडीच ग्रॅमांच्या आसपास. दूध लिटरला ६० रुपये धरल्यास रुपयाला जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि बदाम किलोला ८०० रुपये धरल्यास रुपयाला पाव ग्रॅम. आधारभाव आणि वाण्याच्या दुकानातील भाव यांत अंतर असते हे मान्य. म्हणून सोयाबीन आणि हरभरा दुप्पट भावाने घ्या. तरीही हरभरा दुधाच्या तिप्पट आणि सोयाबीन दुधाच्या सातपट प्रथिने देते. दुधात चुना असतो, ब-१२ जीवनसत्त्व असते, त्याची प्रथिने पचनास उत्तम असतात. म्हणून वाटीभर दही किंवा ताक शाकाहारी माणसाने सोडू नये. परंतु दूध आणि बदाम महाग झाले म्हणून प्रथिनेच आवाक्याबाहेर गेली, हा निष्कर्ष हिशेबात बसत नाही. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ती पोळी, वरण, उसळ आणि ताक यांतून पुरी होतात. त्यासाठी बदामाची गरज नाही आणि परदेशी डब्यातील चूर्णाची तर मुळीच नाही.

आता दुसरा हिशेब, आपल्या कोठीघरातला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाजी आणि २७ ग्रॅम तेल-तूप सुचविले आहे. चार माणसांच्या कुटुंबासाठी महिन्याचा गुणाकार करून पाहावा. डाळी-कडधान्ये होतात दहा किलो. आपल्यापैकी किती घरांत महिन्याला दहा किलो डाळ-कडधान्य शिजते? आणि तेल होते सव्वातीन किलो. म्हणजे पंधरा किलोचा तेलाचा डबा अशा घरास साडेचार महिने पुरावयास हवा. तो आपल्याकडे किती दिवस पुरतो, हे ज्याचे त्याने आठवावे. डाळ महाग झाली म्हणून वरण पातळ करणारे हात तेलाच्या डब्याशी मात्र आखडत नाहीत. तेव्हा प्रश्न केवळ पैशाच्या टंचाईचा नाही. जेथे उदार असावे तेथे आपण चिकट आणि जेथे चिकट असावे तेथे उदार, ही त्यातली खरी गोम आहे.

ही खोड एकट्या आपली नव्हे. २०२२-२३ च्या राष्ट्रीय कुटुंबखर्च पाहणीत शहरी माणसाच्या एकूण खर्चापैकी साडेदहा टक्क्यांहून अधिक वाटा पेये, फराळ आणि तयार खाद्यपदार्थ यांवर जात असल्याचे आढळले. खाण्यापिण्याच्या बाबींत हा सर्वांत मोठा वाटा. धान्यावर चार टक्केही नाहीत आणि डाळींवर दीड टक्काही नाही. या तयार पदार्थांत बाहेरचे जेवणही मोजलेले असते, हे खरे. पण चित्र स्पष्ट आहे. शहरातल्या घराचा पैसा पिशवीबंद शेव-फरसाणात, बिस्किटांत, बाटलीबंद सरबतांत जातो, आणि ‘परवडत नाही’ हे वाक्य मात्र डाळीच्या पोत्यासमोर उभे राहून उच्चारले जाते. इंदूरनगरीत तर शेवेवाचून पोहे नाहीत, शेवेवाचून भाजी नाही आणि पाहुण्याच्या स्वागताला शेवेवाचून शोभा नाही. शेवेशी आमचे वैर नाही. तिचा खर्च चैनीच्या खात्यावर मांडावा, अन्नाच्या नव्हे, एवढेच आमचे मागणे आहे.

भाजीपाला ही मात्र खरोखर खर्चाची बाब आहे, हे कबूल केले पाहिजे. चार माणसांना महिन्याला ४८ किलो भाजी हा लहान आकडा नव्हे. पण येथेही थोडा विचार उपयोगी पडतो. मराठीत भाजीपाल्याला ‘माळवे’ म्हणतात; माळव्यात राहून माळव्याची वानवा सांगणे आपल्याला शोभत नाही. हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर स्वस्त होतात. त्या वेळी आपण अवेळी आलेली महागडी भाजी निवडतो, कारण ती पाहुण्यापुढे ठेवण्याजोगी वाटते. मुळा आणून त्याचा पाला टाकतो, फुलकोबी आणून तिची कोवळी पाने टाकतो. वस्तुतः चुना आणि लोह यांचा विचार केला तर टाकलेला भागच अधिक गुणाचा. परसातल्या शेवग्याची शेंग आमटीत पडते, पाला झडून जातो. पेरूमध्ये क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक, आणि सफरचंदात ते नावापुरतेच. तरी आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदच नेतो. पेरू नेणे कमीपणाचे वाटते. अन्नाची किंमत आणि अन्नाची प्रतिष्ठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याला जड होते आहे ते प्रतिष्ठेचे ओझे.

योगायोग असा की, टाकाऊतून सत्त्व काढण्याचे शास्त्र याच इंदुरात जन्मले. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची जी रीत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ साली त्या दोघांच्या नावे त्यावरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. जगाला काटकसर शिकविणाऱ्या शहरात मुळ्याचा पाला उकिरड्यावर जावा, यास काय म्हणावे?

कोणी म्हणतील, हे सारे नवे शास्त्र आहे. आपल्या वाडवडिलांना हे काही ठाऊक नव्हते. त्यांना ग्रॅम ठाऊक नव्हते, हे खरे. पण मेतकूट ठाऊक होते. भाजलेल्या डाळी आणि धान्य एकत्र दळून केलेले हे चूर्ण म्हणजे आजच्या डबाबंद प्रथिनचूर्णाचे घरगुती रूप. फरक इतकाच की त्यावर चित्र नसे आणि किंमत दहापट नसे. मोड आलेल्या मटकीची उसळ, पिठले, डांगर, जवसाची, तिळाची, कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी, ताकातली पालेभाजी, हा सर्व अल्प खर्चातील पोषणाचा अनुभवसिद्ध पाठ होता. शेंगदाण्यात प्रथिने बदामाहून कमी नाहीत, उलट थोडी जास्तच. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकसमूहांचा आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ मोजली, तेव्हा शीख आणि पठाण यांच्या खालोखाल मराठ्यांच्या आहाराचा क्रमांक लागला होता. त्याच प्रयोगशाळेची परंपरा पुढे हैदराबादच्या पोषण संस्थेत गेली. उंदरांवरच्या प्रयोगाने माणसांच्या सर्व गोष्टी सिद्ध होत नाहीत. पण ज्या आहाराची आपल्याला लाज वाटू लागली, तो अगदीच टाकाऊ नव्हता, इतके तरी त्यावरून म्हणता येते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. हे सगळे करायचे कोणी? मटकी भिजवावी, मोड आणावे, पाला निवडावा, चटण्या कुटाव्यात, मेतकूट भाजावे, हे काम ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, त्या हातांना त्याचे मोल कधी मिळाले नाही. आज घरातील स्त्री नोकरी करते किंवा सत्तरीत एकटी राहते. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला. एकट्या माणसाला स्वतःपुरते शिजविण्याचा उत्साह राहत नाही आणि चहा-टोस्टावर रात्र निघते. ‘स्वस्त’ अन्न पुष्कळदा बाईच्या फुकट श्रमांमुळे स्वस्त असते, हे विसरून पारंपरिक आहाराचे पोवाडे गाणाऱ्यांत आम्हाला बसायचे नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, ज्याला चौरस आहार हवा त्याने पाला निवडायला बसावे, मग तो पुरुष असो वा स्त्री. निवृत्त गृहस्थांजवळ आणखी काही नसले तरी वेळ असतो. आणि पुष्कळ गोष्टी वाटतात तितक्या वेळखाऊ नाहीत. कुकरमध्ये भाताबरोबर कडधान्याचा डबा ठेवण्यास एक मिनिट लागते. मूठभर भाजलेले चणे आणि शेंगदाणे यांना तर तेवढेही लागत नाही.

सोयाबीनच्या बाबतीतही आपण एकदा करून पाहिले, वास आला आणि सोडून दिले, असे बहुतेक घरांतून घडले आहे. त्याचे कारण दाण्यात नसून रीतीत आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते, म्हणून तो दाणा कच्चा कधीही खाऊ नये, कच्चा दळूही नये. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून पंचवीस-तीस मिनिटे उकळावेत, निथळून कडक वाळवावेत आणि नऊ भाग गव्हात एक भाग मिसळून दळून आणावे. अडथळा जातो, उग्र वासही बहुतांशी जातो आणि पोळीची चव फारशी बदलत नाही. खंडवा रस्त्यावरच्या त्या संस्थेने तर ते अडथळ्याचे मुख्य द्रव्य नसलेले ‘एनआरसी १२७’ नावाचे वाणही काढले आहे. ज्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे त्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत अंतर ठेवावे, मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी निमित्ते शोधू नयेत. २०२४ साली सोयाबीनचा बाजारभाव आधारभावाखाली गेला आणि सहा हजार रुपयांचा भाव मागत माळव्यातील शेतकरी रस्त्यावर आले. पिकविणाऱ्याला भाव नाही आणि खाणाऱ्याच्या ताटात दाणा नाही. मधल्यामध्ये पेंड मात्र समुद्रापार जाते.

येथवर आपले झाले. आता त्याच वाक्याच्या दुसऱ्या धन्याकडे वळू.

सिमरोलच्या आसपास रोजंदारीवर राबणारी, बांधकामावर माती वाहणारी, किंवा त्याच रस्त्याने रोज शहरात येऊन आपल्यासारख्यांच्या घरी भांडी घासणारी बाई जेव्हा म्हणते की डाळ परवडत नाही, तेव्हा तिला वरील हिशेब ऐकवणे हा निर्दयपणा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील दर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि तिला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु पाच किलो म्हणजे दिवसाला १६०-१७० ग्रॅम. पोषण संस्थेच्या ताटातील धान्याच्या दोन-तृतीयांश. उरलेले धान्य, सगळी डाळ, सगळे तेल, सगळी भाजी तिला बाजारातून आणावी लागते, आणि तीही आपल्यासारखी महिन्याची नव्हे; त्या दिवसाच्या मजुरीतून, त्या दिवसापुरती, पुडीच्या भावाने. गरिबाला प्रत्येक वस्तू महाग पडते, कारण त्याला ती थोडी थोडी घ्यावी लागते. पोट भरते, पण शरीर भरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोह-रक्तद्रव्य कमी आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नविषयक संस्थांच्या २०२४ च्या अहवालाने २०२२ साली निम्म्याहून अधिक भारतीयांना आरोग्यदायी आहार आर्थिक दृष्ट्या आवाक्याबाहेर असल्याचे म्हटले. ही माणसे आळशी आहेत किंवा अडाणी आहेत म्हणून असे नाही.

तिला आपण काय सांगतो? भाकरी खा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून तर या उपदेशाला सरकारी तोंडही मिळाले. ज्वारी गुणी आहे, यात शंका नाही. पण आधारभावांचा तक्ता पुन्हा पाहावा. २०२४-२५ साली संकरित ज्वारीचा भाव ३,३७१ रुपये; गव्हाचा त्यापुढील हंगामात २,४२५. एके काळचे गरिबाचे धान्य आज गव्हाहून महाग आहे. सिमरोलच्या शेतातून ती हटली, शहरातल्या दुकानात रंगीत पिशवीतून आणि बिस्किटांतून परतली. ज्या बाईला गहू फुकट मिळतो, तिने तो सोडून महाग ज्वारी विकत घ्यावी असे म्हणणाऱ्याने तिच्या पिशवीत कधी डोकावलेले नसते. तिच्या ताटातली उणीव धान्याची नाही. डाळीची, तेलाची, भाजीची आहे.

आणि ती भरून काढता येते. तामिळनाडूत २००७ पासून शिधापत्रिकेवर सवलतीच्या दराने तूरडाळ आणि पामतेल मिळत आले आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडने २०१२ च्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात आदिवासी भागांसाठी हरभऱ्याची तरतूद केली. मग हरभरा आणि सोयाबीन पिकविण्यात देशात आघाडीवर असलेल्या मध्य प्रदेशाने आपल्या शिधावाटपात एक किलो हरभरा का देऊ नये? आपल्या घरांत निवृत्त अधिकारी आहेत, वकील आहेत, प्राध्यापक आहेत. अर्ज लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही. रस्त्याच्या नावासाठी आणि पुतळ्यासाठी जितके अर्ज आपण लिहिले, त्यांतला एक या एका किलोसाठी लिहिण्यास हरकत नसावी.

अंड्याचा विषय आपल्या बैठकीत निघाला की वातावरण गंभीर होते. २०१५ साली मध्य प्रदेशात अंगणवाडीतील मुलांना अंडी देण्याचा प्रस्ताव शासनाने नाकारला, तेव्हा आपल्यातील कित्येकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आपण अंडे न खावे, हा आपला अधिकार आहे. पण आपण खात नाही म्हणून जी जमात पिढ्यान्‌पिढ्या खात आली तिच्या मुलानेही खाऊ नये, हा न्याय कोणता? आणि ज्याला तो न्याय मान्यच असेल, त्याने त्या अंड्याच्या जागी तितकेच दूध, शेंगदाणे आणि डाळ रोज त्या मुलाच्या वाटीत पडेल याची हमी घ्यावी. नाकारणे सोपे असते. भरपाई करणे हे धर्माचे काम आहे.

अन्नदानाचेही तेच. उत्सवाच्या दिवशी आपण भंडारा घालतो, पंगती उठवतो. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी. म्हणजे मैदा, तेल आणि साखर. ज्याला वर्षभर तेलाची आणि डाळीची भूक आहे, त्याला एका दुपारी पोट फुटेस्तोवर बुंदी वाढून आपण पुण्याचा हिशेब चुकता करतो. त्या खर्चात वरण-भात, हरभऱ्याची उसळ, पालेभाजी आणि ताक कितीतरी अधिक माणसांना, कितीतरी अधिक दिवस घालता येईल. पण उसळीच्या पंगतीचे छायाचित्र शोभत नाही, ही अडचण आहे. पुन्हा प्रतिष्ठाच.

तेव्हा वाचकांपुढे आम्ही तीन गोष्टी मांडतो. पहिली: या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत डाळी-कडधान्यांचे, तेलाचे आणि तयार पदार्थांचे आकडे एकमेकांखाली लिहून काढावेत आणि मगच ‘परवडत नाही’ हे शब्द उच्चारावेत. दुसरी: ज्या संस्था, मंदिरे, छात्रावासांची भोजनगृहे आपल्या समाजाच्या हाती आहेत, तेथील पंगतीत आणि रोजच्या ताटात उसळ व पालेभाजी यांना मानाचे स्थान द्यावे, खर्च वाढणार नाही, बहुधा घटेल. तिसरी, सर्वांत अवघड: आपल्या घरी राबणाऱ्या बाईला आहाराचा उपदेश करण्यापूर्वी तिच्या पगाराकडे पाहावे. आपल्या महिन्याच्या फरसाणाच्या खर्चाइतकी वाढ तिला दिली, तर तिच्या घरी किती किलो डाळ जाईल, याचा गुणाकार कोणालाही करता येण्याजोगा आहे.

काटकसर हा गुण आहे, पण तो ज्याच्यापाशी निवड असते त्याचा. ज्याच्यापाशी निवडच नाही त्याच्या उपासमारीला काटकसरीचे नाव देऊ नये; आणि ज्याच्यापाशी ती आहे त्याने आपल्या आवडीनिवडीला गरिबीचे नाव देऊ नये. सिमरोलच्या रानात यंदाही सोयाबीन उभे राहील, कापले जाईल आणि गाड्यांतून गाळपाला जाईल. त्यातले दोन किलो आपल्या गिरणीवर पोहोचतात की नाही, हे आपल्या हाती आहे. ते निंदणारीच्या घरी डाळ पोहोचते की नाही, हेही आपण समजतो त्याहून अधिक आपल्याच हाती आहे.